उंबऱ्यावर ओतलेलं ताग्मूतचं पाणी

मित्रांनो, जवळ या, पण माझ्या शिडीवर चढू नका. ती गंजली आहे, पायाला लागेल. मी पाण्याचा टँकर आहे. पंचायत कचेरीच्या मागच्या आवारात, मोडक्या खुर्च्या आणि निवडणुकीच्या फाटक्या फलकांशेजारी मला उभं करून ठेवलं आहे. चाकांतली हवा केव्हाच गेली. चालकाच्या आसनावर एका मांजरीनं पिल्लं घातली, ती मोठी होऊन निघूनही गेली. माझ्या पोटावर हिरव्या अक्षरांत एका माणसाचं नाव रंगवलं आहे. उन्हानं माझा सगळा पत्रा सोलून काढला, पण ते मेलं नाव काही उडत नाही. ते बघितलं की मला माझीच लाज वाटते.

समुद्रकाठच्या एका मोठ्या शहरात, कारखान्यात माझा जन्म झाला. शेवटचा हात फिरवताना एक कामगार म्हणाला होता, "याला पार डोंगरापलीकडे पाठवणार आहेत. तिथली माणसं याच्या वाटेकडे डोळे लावून बसतील बघ." मी नवाकोरा होतो, माझी छाती फुगली. आता मला विकत कुणी घेतलं, ते नीट ऐका. डोंगरापलीकडची बाई दुकानातून साबणाची वडी घेते, चहाचा पुडा घेते, शहरातल्या लेकाशी बोलायला फोनचं रिचार्ज मारते. त्यातून प्रत्येक वेळी सरकार आपली चिमूट काढून घेतं. त्या चिमटी साठून साठून मी झालो. पंचायतीच्या अध्यक्षाच्या खिशातून माझा एक स्क्रूसुद्धा आलेला नाही.

पण हे ताग्मूतला कोण सांगणार? मी पहिल्यांदा त्या गावात शिरलो, तेव्हा बायकांनी माझ्या नाकाडावर मेंदी लावली. खजूर आणि दूध घेऊन सगळे पुढे आले. इत्तो नावाची एक म्हातारी होती, हातभर उंचीची आणि गावभर आवाजाची. तिनं माझी तोटी उघडली, ओंजळभर पाणी प्यायली आणि रडायलाच लागली. माझ्यासोबत पंचायतीचे अध्यक्ष सी मदनी, म्हणजे मदनीसाहेब, आले होते, पांढराशुभ्र झगा घालून. इत्तोनं धावत जाऊन त्यांच्या खांद्याचं चुंबन घेतलं.

"अल्लाह तुमच्या आईबापांना जन्नत देवो, सी मदनी! तुम्ही आमच्यासाठी एवढं केलंत!"

"अगं खाला, तुमच्यासाठी जीव हजर आहे," अध्यक्ष हसून म्हणाले. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या पोटावर त्यांचं नाव रंगवलं गेलं. पाणी पाजणाऱ्याचे आभार मानायचे, ही त्या भोळ्या माणसांची रीतच. पण मित्रांनो, सगळं बिघडलं ते तिथेच. वस्तू त्यांची होती आणि आभार त्यांनी दुसऱ्याचे मानले.

सुरुवातीची वर्षं मात्र सोन्यासारखी गेली. माझा चालक मुहा. मोठा गोड माणूस, पण तोंडाचा फटकळ. चढावर मी धापा टाकू लागलो की म्हणायचा, "चल रे ढेरपोट्या, तुझ्या सासुरवाडीला चाललोय." ताग्मूतला आमची पाळी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी असायची. मी दिसलो की बायका गावच्या टाक्याचं झाकण सरकवायच्या, मुहाला चहा यायचा आणि इत्तो दरवेळी विचारायची, "मुहा, बाळा, हा जेवतो काय रे? अंगानं सुटत चाललाय!" माझं पोट रिकामं होताना जो आवाज होई, त्याच्याइतकं सुख मला पुन्हा कशातच मिळालं नाही.

मग पावसानं पाठ फिरवली, ती फिरवलीच. त्याच सुमारास नदीच्या कोरड्या पात्रालगत कलिंगडांची एक मोठी बाग उभी राहिली. कागदावर ती अध्यक्षांच्या मेहुण्याची होती, पण कुणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं. एका सकाळी मला भरून घेतल्यावर अध्यक्ष मुहाला म्हणाले, "आज बागेवर ने."

"पण साहेब, आज ताग्मूतची पाळी आहे."

"ताग्मूतचे लोक उंटाच्या जातीचे, चार दिवस कळ काढतील. कलिंगडाला कळ काढता येते का, सांग बरं?"

"लोक विचारतील."

"सांग, टँकर दुरुस्तीला गेलाय. त्याला काय तोंड आहे खरं सांगायला?"

मला तोंड नव्हतं, मित्रांनो. तेच तर माझं दुर्दैव. चार दिवसांचे आठवडे झाले. मी रोज भरला जायचो आणि रोज त्या बागेत रिता व्हायचो. मुहानं चढावर थट्टा करणं सोडून दिलं. त्याला घरी चार तोंडं होती आणि नोकरी अध्यक्षांच्या हातात होती. ताग्मूतचा फाटा आला की तो मान वळवून दुसरीकडे बघायचा.

तिकडे ताग्मूतचं टाकं तळाला गेलं. लोक जुन्या विहिरीचं खारट पाणी पिऊ लागले. इत्तोची सून फदमा बाळंत झाली होती. तिचं दूध आटलं, तेव्हा घरच्या एकुलत्या एका बकरीच्या दुधावर त्या बाळाला जगवत होते. त्यातही खारट पाणीच मिसळावं लागे. बाळाचं पोट बिघडलं ते थांबेना. इत्तो कचेरीत हेलपाटे घालायची आणि कारकून तिच्या तोंडाला पानं पुसायचे. "टँकर दुरुस्तीला आहे, खाला. अजून सुटा भाग आला नाही." ती बिचारी माझ्याच तब्येतीसाठी दुवा मागत परत जायची!

शेवटी तिनं आर घालायचं ठरवलं. आमच्याकडे माणूस अगदी हतबल झाला की मोठ्या माणसाच्या उंबऱ्यावर जनावर कापतो. रक्त उंबऱ्याला लागलं की त्या घरच्या धन्याला नाही म्हणता येत नाही. म्हणालाच, तर त्याच्या घराण्याला कायमचा कलंक. इत्तोनं तीच बकरी दोरीला धरली.

"वहिनी, बाळ काय पिणार मग?" दीर हम्मूनं विचारलं.

"पाणी आलं तर जगेल. नाही आलं तर ही बकरी तरी किती दिवस दूध देणार आहे?"

हे सगळं मला नंतर कळलं. मी तेव्हा बागेत होतो. दुपारी अध्यक्षांचा निरोप आला, "भरलेला टँकर ताबडतोब घरी आण." मी त्यांच्या गल्लीत वळलो आणि बघितलं. दारात बकरी पडली होती, उंबरा लाल झाला होता. समोरच्या भिंतीला टेकून इत्तो, हम्मू आणि बाळाला पाठीशी बांधलेली फदमा बसली होती. आर घातला की उत्तर मिळेपर्यंत उठायचं नसतं.

दार उघडलं नव्हतं. अध्यक्ष मागच्या दारानं बाहेर आले. त्या संध्याकाळी त्यांच्याकडे वरचे अधिकारी जेवायला येणार होते. "मुहा, ही घाण धुऊन काढ," ते म्हणाले. "पाहुणे यायच्या आत दगड चकचकीत दिसला पाहिजे."

मुहानं खाली मान घालून नळी जोडली. मग पाणी सोडलं. माझ्या पोटातलं गोड पाणी धो धो त्या उंबऱ्यावर पडलं आणि लाल होऊन गल्लीतून वाहू लागलं. मला वाटलं, माझा पत्रा इथेच फाटावा.

इत्तो उठली. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या नाकाडावरच्या मेंदीच्या पुसट डागाकडे पाहिलं. "अरे, हा तर धडधाकट आहे," एवढंच ती म्हणाली. मग ती गल्लीच्या उतारावर बसली आणि वाहून आलेलं ते रक्ताचं पाणी पितळी वाडग्यात भरू लागली. वरचं निवळेल, बाळाला देता येईल, असं पुटपुटत होती.

मुहानं तोटी बंद केली. "खाला, उठ. तिघंही गाडीत बसा."

"मुहा!" अध्यक्ष गरजले. "कुठे चाललास? गाडी माझी आहे!"

"साहेब, नाव तुमचं आहे. गाडी यांची आहे," मुहा म्हणाला आणि त्यानं मला सुरू केलं. त्या चढावर मी एकदाही धापा टाकली नाही. उरलं होतं ते सगळं पाणी ताग्मूतच्या टाक्यात ओतलं. फदमानं बाळाच्या ओठांना ओली बोटं लावली, ते चुटचुट चोखू लागलं आणि बायका ओक्साबोक्शी रडल्या. तेव्हा मुहानं इत्तोला साबणाचं, चहाचं, त्या चिमटीचं सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे हा आमचाच होता? आणि मी आमच्याच पाण्यासाठी बकरी कापली?" तिनं कपाळावर हात मारून घेतला. "मेल्या, आधी का नाही सांगितलंस रे?"

दुसऱ्या दिवशी मुहाला पकडून नेलं. आरोप काय ठेवला असेल? जनतेच्या मालमत्तेचा गैरवापर! सरकारी पाणी आणि सरकारी डिझेल चोरलं म्हणे. बागेत ओतलेल्या पाण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मुहाची नोकरी गेली, आणि मी पुरावा म्हणून या आवारात येऊन पडलो. खटल्याची तारीख पुढे ढकलली जाते आणि मी गंजत राहतो. त्या अध्यक्षांनी आता नवा टँकर आणला आहे. त्यावरही त्यांचंच नाव आहे आणि तोही बागेच्याच वाटेनं जातो.

बाळ वाचलं, पण ताग्मूत वाचलं नाही. एकेक घर कुलूप लावून शहराकडे निघालं. गेल्या उन्हाळ्यात सामानानं लादलेला एक ट्रक कचेरीबाहेर थांबला. त्यातून इत्तो उतरली, आता आणखीच लहान झालेली. ती कुंपणाच्या फटीतून आत आली. मागून हम्मू आला.

"काय लिहिलंय रे याच्यावर?"

"सी मदनीचं नाव, वहिनी."

तिनं कंबरेची किल्ली काढली, ताग्मूतच्या घराची, आणि ते नाव खरवडायला लागली. एक अक्षर निघता निघता तिचा हात दमला. मग सवयीनं तिनं माझी तोटी उघडली आणि खाली ओंजळ धरली. थेंबभरही आलं नाही, मित्रांनो. तिनं थोडी वाट पाहिली. जाताना मात्र ती तोटी घट्ट बंद करून गेली. पाणी वाया जाऊ नये म्हणून.

इतकी माझी काळजी घेणारी मालकीण होती, आणि ती माझी मालकीण आहे हे तिला कुणी कळू दिलं नाही. तुमच्याही गावात माझे भाऊबंद असतील. शाळेचा बाक, दवाखान्याची गाडी, चौकातला नळ. त्यांच्यावर कुणा साहेबाचं नाव दिसलं तर खांद्याचं चुंबन घ्यायला धावू नका. आमचं पाणी कुठे जातं, असं पहिल्याच दिवशी, भर चौकात, मोठ्यानं विचारा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. बकरी कापायची वेळ येईपर्यंत थांबू नका.