हल्ली ती भांडत नाही

एमआरआयच्या खोलीबाहेरच्या बाकावर तो बायकोच्या केसांतल्या पिना काढत होता. आत धातूचं काहीही न्यायचं नाही, असं तंत्रज्ञ बाई बजावून गेल्या होत्या. एक पीन गुंतली. त्याने ती ओढली तसे दोन-चार केस तिच्याबरोबर उपटून आले. आता आपलं काही खरं नाही, म्हणून त्याने अंग चोरलं. एरवी तिने त्याचा हात झटकून टाकला असता. आज ती मान खाली घालून बसून राहिली.

"दुखलं का गं?"

"नाही. छान काढताय."

'छान' हा तिचा हल्लीचा शब्द होता.

दोघांचं पडद्यांचं दुकान होतं. शिवायचा तो, चालवायची ती. कापडवाल्यांशी हुज्जत घालायची, गिऱ्हाइकांना वठणीवर आणायची आणि त्याने शिवलेला प्रत्येक पडदा उजेडात धरून बघायची. एखादी चुणी बोटभर सरकलेली दिसली की "उसवा" एवढंच म्हणायची. तिथे मग अपील नसे. शेजारचा कुलूपवाला तिला 'मोजपट्टी' म्हणायचा, अर्थात ती दुकानात नसताना. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजाराने तिच्या पायांतली ताकद थोडी नेली होती, एका डोळ्याची नजर अधू केली होती. जिभेला मात्र हात लावला नव्हता. महिन्याच्या महिन्याला सलाईनमधून मिळणाऱ्या औषधाने आजार जागच्या जागी थोपवून धरला होता.

ते औषध सुरू करताना डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं. औषध चांगलं आहे, पण क्वचित कुणाला त्याचा उलटा फटका बसतो. तो फटका मेंदूच्या फोटोत आधी दिसतो, माणसात नंतर. म्हणून फोटोच्या तारखा चुकवायच्या नाहीत. आणि घरी बोलण्यात, वागण्यात काही वेगळं वाटलं, तर तारखेची वाट न बघता यायचं. तिने तेव्हा डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले होते, की बाहेरची माणसं दार लोटून डोकावू लागली होती.

आणि मग उन्हाळा सरता सरता ती भांडायची थांबली.

पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं ते पानांच्या नक्षीच्या पडद्यावरून. घाईघाईत त्याने कापडाचा एक पाट उलटा जोडला होता. अर्धी पानं वर बघत होती, अर्धी खाली. तिने तो पडदा नेहमीसारखा उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि घडी घातली.

"छान आहे."

गिऱ्हाईक तो परत घेऊन आलं तेव्हा त्याने हसून वेळ मारून नेली आणि ती जेवायला गेलेली असताना गुपचूप उसवून पुन्हा शिवला. तिला सांगितलं नाही. खरं तर त्या दिवशी त्याला पिसासारखं हलकं वाटलं होतं. तो शिवताना गुणगुणू लागला. घरात आवाज चढत नव्हता, ताटावर बसून हिशेब विचारला जात नव्हता. इतक्या वर्षांनी आपला संसार सुरळीत चालू लागला, असं त्याला वाटलं.

मेहुणीचा फोन आला होता.

"भावोजी, ताई माझ्याशी नुसतं हं-हं करते. काहीतरी बिनसलंय."

"तुझ्या ताईला शहाणपण आलंय," तो म्हणाला होता. "उगाच नजर लावू नकोस."

मेहुणी हसली नव्हती.

त्यातच एका हॉटेलच्या पडद्यांचं मोठं काम आलं आणि फोटोची तारीख नेमकी त्याच आठवड्यात पडली. एरवी ती तारखेच्या आदल्या दिवसापासून तयार असायची. त्याने चाचरत विचारलं, "पुढच्या महिन्यात गेलो तर चालेल?"

"बरं," ती म्हणाली.

इतक्या सहज 'बरं' आलं, की क्षणभर त्याचा हात फोनवर थबकला होता. मग त्याने तारीख पुढे ढकलायला हॉस्पिटलचा नंबर फिरवला.

आज फोटो काढून झाल्यावर त्यांना घरी सोडलं नाही. थोडं थांबा, डॉक्टर बोलावतील, असं सांगितलं. ती भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत बसली. काय झालं, का थांबवलं, तिने काही विचारलं नाही. तोच दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आला.

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. मेंदूतले जुने पांढरे डाग त्याच्या ओळखीचे होते. डॉक्टरांचं बोट त्यांच्यावरून पुढे सरकलं आणि कपाळामागच्या भागावर थांबलं. तिथे कडा विसविशीत असलेला एक मोठा डाग होता.

"हा नवा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आपण ज्याची भीती बाळगून होतो, तेच दिसतंय. पुष्कळांच्या शरीरात एक विषाणू झोपलेला असतो. या औषधामुळे मेंदूवरचा पहारा कमी होतो आणि तो जागा होतो. औषध आजच बंद करायचं. पाठीतलं पाणी तपासू. रक्तात उरलेलं औषधही काढून टाकावं लागेल."

तो मान हलवत राहिला.

"हा भाग माणसाच्या स्वभावाशी जोडलेला आहे," त्या पुढे म्हणाल्या. "उत्साह, राग, चूक-बरोबर खटकणं, सगळं इथून चालतं. घरी काही बदल जाणवला होता का? या गप्प झाल्या होत्या? कशाचंच काही वाटेनासं झालं होतं?"

तो खुर्चीत पुढे सरकला. तेवढ्यात तीच बोलली, सावकाश, गोड आवाजात.

"नाही हो. तसं असतं तर यांच्या लक्षात आलं असतं. यांचं माझ्याकडे फार लक्ष असतं."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. सुई टोचून टोचून शेंडे निबर झालेली ती बोटं कुठे ठेवावीत, ते त्याला कळेना.

"आला होता," तो म्हणाला. "बदल माझ्या लक्षात आला होता."

"कधीपासून?"

त्याने पानांच्या पडद्याचं सांगितलं. तारीख पुढे ढकलल्याचंही सांगितलं. एकेक वाक्य उसवून काढावं तसं बाहेर येत होतं. डॉक्टर फक्त टिपून घेत राहिल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. शेजारी ती बसली होती. बदल लक्षात येऊनही नवरा गप्प बसला होता, हे ऐकूनही तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. औषध उतरल्यावर शरीराचा पहारा परतला आणि त्या धुमश्चक्रीत मेंदूला सूज आली. तिचा उजवा हात लुळा पडला, शब्द हरवू लागले. मेहुणी सामान घेऊन आली ती राहिलीच. तिने त्याला काही विचारलं नाही. दोघं पाळीपाळीने खाटेशी बसत आणि एकमेकांशी फक्त औषधांचं बोलत.

हळूहळू सूज ओसरली. हात तसाच राहिला. शब्द परत येऊ लागले, अडखळत, जागा चुकवत. एका सकाळी तो तिला पेज भरवत असताना तिने तोंड फिरवलं. त्याला वाटलं, पेज गरम असेल. तो चमच्यावर फुंकर घालू लागला.

"ते..." ती म्हणाली आणि थांबली. पुढचा शब्द सापडेपर्यंत तिने डोळे मिटून घेतले. "डॉक्टरांना... तुम्ही... सांगितलंत. मी तिथेच होते."

त्याने चमचा वाटीत ठेवला.

"आठवतंय तुला?"

"सगळं." तिने डोळे उघडले. "मी गप्प होते. तुम्हाला... बरं वाटलं?"

खोटं बोलायला एक क्षण होता. खोटं तयारही होतं, चांगलं शिवलेलं. पण ती डाव्या, धड डोळ्याने त्याच्याकडे बघत होती.

"हो," तो म्हणाला. "बरं वाटलं."

ती बराच वेळ शब्द जुळवत राहिली. त्याने मदत केली नाही.

"मग आता," ती म्हणाली, "सवय मोडा."

त्याने हसून पाहिलं. ती हसत नव्हती.