सेनाइदाच्या छतावरची कोरडी टाकी

बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय माझ्या गुडघ्यासारखाच झालाय; या पिंपावर बसा. कॉफी होईतोवर तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगतो, जिनं ऐन टंचाईत पाण्याला नको म्हटलं. आमच्या या सेर्रो वस्तीत असं कुणी केलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. वेडी नव्हती ती. का म्हटलं ते ऐका, मग ठरवा.

बाईचं नाव सेनाइदा. ही समोरची इमारत, तिचा सगळ्यात वरचा मजला. सरकारी धोबीखान्यात इस्त्री फिरवून फिरवून उजवा खांदा खाली उतरलेला. नवरा कधीच गेलेला, आणि पोरगा एकच, योआन्द्री. मे महिन्यात त्यानं आईला सांगितलं, मित्राच्या लग्नाला मातान्सासला चाललोय. लग्न कसलं! दोन पोरांबरोबर बोटीत बसला आणि समुद्रापलीकडं मायामीची वाट धरली. त्यानंतर ना फोन, ना निरोप. त्या दोन पोरांच्या आयांनाही काही नाही.

आता पलीकडं जो कुणी जिवंत उतरतो, त्याला तिथले टीव्हीवाले आधी गाठतात. अंगावर पांढरी चादर, ओठ फुटलेले, आणि पोरं कॅमेऱ्यात बघून म्हणतात, आई, पोचलो गं. संध्याकाळच्या बातम्यांत हे दाखवतात. पण आमच्या टीव्हीवर नाही, त्यांच्या. ते बघायचं तर छतावर डिशची छत्री पाहिजे, आणि छत्रीला आमच्याकडं बंदी. सापडली की छत्री गेली, दंड वेगळा.

तरी इमारतीनं छत्री घ्यायची ठरवलं. ठरलं एवेलिओच्या स्वयंपाकघरात. एवेलिओ म्हणजे बस दुरुस्तीचा जुना मिस्त्री, तारांचं त्याला कळतं. माल आणणारा चिचो. हा गल्लोगल्ली गाद्या दुरुस्त करत फिरायचा. त्या गाद्यांत काय काय शिवलेलं असायचं ते देवच जाणे. तिसरी ओर्तेन्सिया, गल्लीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी समितीची बाई. इमारतीतला एकुलता फोन तिच्याकडं. सभेत परदेशी चॅनलांविरुद्ध असं बोलायची की कुत्री भुंकायची थांबत, आणि मालिका बघता बघता घरी भात करपवायची.

चिचोनं दोन तऱ्हेच्या छत्र्यांचं गुणगान केलं. मोठी जाळीची छत्री घ्या, म्हणाला, फुकटचं सगळं दिसेल: स्पेन, इटली, अरबांच्या घोड्यांच्या शर्यती. कार्ड नको, कुणाची मिनतवारी नको. फक्त मायामीच्या बातम्या तेवढ्या नाहीत. लहान घेतलीत तर मायामी अख्खं घरात, पण तिला कार्ड लागतं, आणि ते पलीकडं कुणाच्या तरी नावावर चालतं. त्याची मर्जी फिरली की पडदा काळा.

"सासरच्या मर्जीवर नांदल्यासारखं आहे ते," चिचो म्हणाला.

एवेलिओला मोठी पाहिजे होती, फुटबॉलसाठी. ओर्तेन्सियाही मोठीकडं झुकली. कार्ड मध्येच बंद पडलं आणि मालिकेतल्या पोरीचं लग्न अर्ध्यावर राहिलं तर काय, ही तिची काळजी. दोघं बोलून दमले. मग सेनाइदानं विचारलं, छत्री बसणार कुठं? सगळ्यांनी वर बघितलं. छत्रीला नैऋत्येचं आभाळ मोकळं लागतं. खालच्या सगळ्यांच्या पुढ्यात जुन्या थेटराची भिंत. मोकळं आभाळ एकट्या सेनाइदाच्या छतावर.

"पकडली गेली तर न्यायला कुणाला येतील? मला," ती म्हणाली. "मग लहानच घ्यायची."

लहानच ठरली.

लपवायची युक्ती चिचोचीच. लोखंडाच्या टाकीतनं चित्र येत नाही, फायबरच्या टाकीतनं येतं. अशी एक टाकी आणून तळ कापला आणि टोपलीखाली कोंबडी झाकावी तशी छत्रीवर ठेवून दिली. शेजारी सेनाइदाची खरी पाण्याची टाकी. खालनं बघणाऱ्याला वाटावं, बाईनं टंचाईसाठी दुसरी टाकी घेतली. आत मात्र पाण्याचा थेंब जायला नको, एवढं चिचोनं बजावून सांगितलं.

बॉक्स आणि रिमोट एवेलिओच्या घरी. तिथनं कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांना गुंडाळून घराघरात तारा गेल्या. म्हणजे छत्री एक, बॉक्स एक, आणि एवेलिओ जे लावील ते सगळ्या इमारतीनं बघायचं. इमारतीच्या आतल्या चौकात सारखी ओरड: अरे बदल ते, मुडद्या, किती धावतात ते चेंडूमागं! पण एक करार होता. संध्याकाळच्या बातम्या सेनाइदाच्या. त्या वेळेला रिमोटला कुणी हात लावायचा नाही.

पहिले पहिले सगळी इमारत तिच्याबरोबर पोरगं शोधायची. चादर घेतलेला कुणी दिसला की घराघरातनं आवाज यायचे, तो बघ, तो नाही का? नाही, तो नाही. मग लोक कंटाळले. परक्याचं दुःख रोज त्याच वेळेला दाराशी येऊन बसलं की माणूस खुर्ची सरकवतोच. एकदा बातम्या चालू असतानाच एवेलिओनं बेसबॉल लावला. सेनाइदा गरम इस्त्री हातात घेऊन खाली आली आणि दारात उभी राहिली.

"एवेलिओ, तुझा मुलगा कुठाय?"

"आत झोपलाय."

"मग बातम्या लाव."

त्यानं लावल्या. नंतर मला म्हणाला, इस्त्रीला नाही भ्यालो गड्या, तिच्या हळू बोलण्याला भ्यालो.

ऑगस्टात नळाचा पंप बंद पडला. सगळं सेर्रो बादल्या घेऊन रस्त्यावर. अशात एका संध्याकाळी बातमी आली की एका बेटाजवळ बोट सापडलीय, माणसं जिवंत आहेत, चेहरे उद्या दाखवू. सेनाइदाला त्या रात्री झोप कसली.

सकाळी ओर्तेन्सिया जिना चढून वर आली, धापा टाकत. छत्र्या शोधणारे तपासणीवाले आजूबाजूच्या गल्ल्यांतनं फिरतायत, म्हणाली, आजच्या दिवस छत्री काढून पलंगाखाली घाल. पण हलवली की परत चित्र पकडायला चिचो लागणार, आणि चिचो गेलेला गावाला. सेनाइदानं पोलक्याला टाचणी लावता लावता उत्तर दिलं:

"आज नाही. उद्या माझ्या हातानं मोडते."

"अगं, मलाही घेऊन बुडशील."

"तुझी तार तू काप. माझी राहू दे."

ओर्तेन्सिया खाली गेली. तार मात्र तिनंही कापली नाही, हे लक्षात घ्या.

दुपारी टँकर आला. टँकरवाला चांगला माणूस, फक्त बडबड्या. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना बादल्या वाहायला नकोत म्हणून पाइप थेट छतावर ओढून न्यायचा. त्यानं सेनाइदाची टाकी भरली आणि पाइप उचलून दुसरीकडं वळला. झाकणाला हात घातला तशी सेनाइदा आडवी आली. नको, म्हणाली. भरलेली आहे. मग म्हणाली, गळते. मग म्हणाली, खालच्यांना द्या, त्यांच्याकडं पोरंबाळं आहेत.

बाईचं चुकलं ते इथं. खोटं बोलायला ती कच्ची होती असं नाही. पण आमच्याकडं पाण्याला नको म्हणायची रीतच नाही. गळकी टाकी असली तरी माणूस म्हणतो, भर बाबा, गळेपर्यंत भांडी घासून घेतो. टँकरवाला हसला, पाइप गुंडाळला आणि पुढच्या गल्लीत जाऊन ज्याला त्याला सांगत सुटला: तिकडं एक बाई आहे, दोन टाक्यांची मालकीण, पाणी नको म्हणते, कोण्या राजाची सासू असेल! त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पण त्या गल्लीत सावलीला तपासणीवाले उभे होते, तेही हसले. मग त्यातला एक हसायचा थांबला.

संध्याकाळी बातम्या लागल्या. त्या दिवशी एवेलिओनं आपणहून आवाज मोठा केला आणि सगळ्या इमारतीनं केला. घराघरात तेच चित्र: धक्का, पांढरी गाडी, चादरी पांघरलेली माणसं रांगेत. कॅमेरा एकेकावरनं सरकत चालला. बाई. म्हातारा. दोघं भाऊ असावेत तसे. सगळ्यात शेवटी एक पोरगा, डोक्यावरनं चादर, बाटली तोंडाला लावून घटाघटा पाणी पीत होता. बाटली खाली येऊ लागली. आणि पडदा काळा.

सेनाइदा चौकाकडं धावली, एवेलिओच्या नावानं हाका मारत. एवेलिओ खालनं दोन्ही हात वर करून दाखवत होता, मी नाही, मी नाही. तेव्हा तिला डोक्यावर पावलं ऐकू आली. तपासणीवाले शेजारच्या छतावरनं आले होते. ती वर गेली तर एका तरण्या तपासणीवाल्यानं टाकी उचलून कडेवर घेतलेली.

"मावशी, तुमची टाकी फार हलकी आहे," तो म्हणाला.

तिनं त्याचा हात धरला. परत ठेव, म्हणाली, मिनिटभर ठेव, मग मला कुठं न्यायचं तिथं ने. त्यानं विचारलं, कशाला? तिनं सांगितलं. त्यानं छत्रीकडं बघितलं. टाकी उचलताना छत्रीला धक्का लागला होता, तिची मान वाकडी झालेली.

"आता ही परत जागेवर बसेपर्यंत बातम्या संपतील, मावशी," तो हळूच म्हणाला, आणि त्यानं नजर चुकवली.

तेवढ्यात खाली धांदल. एवेलिओनं बॉक्स कार्डासकट पाण्याच्या पिंपात बुडवला. ओर्तेन्सियानं कात्री चालवली, तरी तारेचं शेपूट खिडकीत लोंबतच राहिलं. तपासणीच्या साहेबानं विचारलं, या तारा कुणाकुणाकडं जातात? सेनाइदा म्हणाली, माझ्याच आहेत सगळ्या, मी इमारतभर कपडे वाळत घालते. दंड एकटीनं सोसला. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तिला ध्यास दुसराच लागलेला.

दुसऱ्या दिवसापासनं ती दारोदार. बाटली खाली येताना तुला काय दिसलं? चित्र तर सगळ्यांना एकच, त्याच क्षणाला तुटलेलं. पण एवेलिओ म्हणतो, हनुवटी दिसली, रुंद होती, आपल्या योआन्द्रीची नाही. ओर्तेन्सिया शपथ घेते की मान त्याचीच, लहानपणी तो तिच्याच अंगाखांद्यावर खेळलेला. तिसऱ्या मजल्यावरची म्हणते, पोरगा नव्हताच, पोरगी होती. सेनाइदा सगळ्यांचं ऐकते, मान हलवते आणि परत पहिल्या दारापासनं सुरू करते. फोन अजून आलेला नाही. ओर्तेन्सिया म्हणते, पकडून छावणीत ठेवलं असेल, तिथं फोन देत नाहीत. किती महिने देत नाहीत, ते कुणी विचारत नाही. एवेलिओला आता आपण हनुवटी बघितली याचाच पश्चात्ताप झालाय. गेल्या आठवड्यात तिला म्हणाला, माझा चष्मा जुना आहे. तिनं त्याला नवा चष्मा घ्यायला सांगितलं.

माझ्या घरी तार नव्हती, म्हणून मला ती काही विचारत नाही. माझ्याकडं येऊन नुसती बसते, तुम्ही बसलात तिथंच.

घ्या कॉफी. तुम्ही इथनं पलीकडं जाणार म्हणून ऐकलं. ते टीव्हीवाले जुन्या बातम्या जपून ठेवतात म्हणतात. तर एवढं करा: त्यांच्या दाराशी जा, ऑगस्टातली ती बोट कुठली ते विचारा, आणि रांगेतल्या शेवटच्या पोराची बाटली खाली येऊ द्या. योआन्द्रीच्या डाव्या भुवईतनं आडवा व्रण आहे. असला तर ओर्तेन्सियाच्या फोनवर सांगा. नसला, तर आधी मला सांगा.