तोंडी सांगायचा नंबर

हॉटेलच्या तळघरात, जिथे वरच्या पाहुण्यांच्या चादरी धुऊन, वाळून, कडक होऊन पुन्हा वर जातात, तिथल्या इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर जो माणूस उभा असायचा त्याला खोलीतले सगळे इस्त्रीशेठ म्हणायचे. शेठ का, तर परदेशातून दर महिन्याला पैसे पाठवणारा माणूस घरच्यांच्या लेखी शेठच असतो. मग तो इकडे चौघांच्या खोलीत वरच्या पलंगावर छताला डोकं आपटत का झोपेना. शेठलाही ते नाव आवडायचं. दुसरं कुणी आपल्याला शेठ म्हणणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तो नवीन आला तेव्हा घरी पैसे पाठवायचा एकच रस्ता होता, आणि त्या रस्त्याला टपाल म्हणायचे. टपाल म्हणजे खोलीतला म्हातारा इलेक्ट्रिशियन. तो वर्षातून एकदा घरी जायचा आणि सगळ्यांची पाकिटं बनियनला आतून शिवलेल्या खिशात घालून न्यायचा. पैसे पोचायला जीव निघायचा, पण परत आला की टपाल रिकाम्या हाताने येत नसे. मुळात माणूस चौकस, त्यात जिभेला हाड नाही. "तुझी पोर पुढचे दात पाडून बसलीय," तो शेठला सांगायचा. "मला म्हणते, बाबांना सांगू नका, ते येईपर्यंत नवे येतील." एवढ्या ऐवजावर शेठ आठवडाभर खुशीत चादरी ओढायचा.

पुढे कोपऱ्यावर पैसे पाठवायचं दुकान निघालं. काचेमागच्या बाईकडे रोकड द्यायची, ती लांबलचक नंबराची पावती द्यायची. तिकडच्या काउंटरवर तो नंबर सांगितला की पैसे हातात. बायको लेकीला घेऊन तिथे जायची, तिथूनच फोन लावायची, आणि नंबर उतरवून घेता घेता गळका नळ, शेजारणीचं भांडण, घरमालकाची कुरकुर असं सगळं ओतून मोकळी व्हायची. मग लेक फोन हिसकावून घ्यायची.

"नऊच्या पुढे काय, बाबा?"

"नऊच्या पुढे तू सांग, शाळेत कुणाशी भांडलीस."

ती सांगायची. मागे रांगेतली माणसं चुळबुळ करायची आणि शेठ इकडे पुढचा आकडा दाबून ठेवायचा.

मग तेही गेलं. खोलीतल्या पोरांनी शेठच्या फोनवरच सगळी सोय करून दिली. अंगठा टेकवला की पैसे घरी. इस्त्रीच्या एका तोंडातून घातलेली चादर दुसऱ्या तोंडाने बाहेर येते, त्याच्याही आधी. फी वाचली, रांग वाचली, कोपऱ्यापर्यंतची चाल वाचली. उत्तरादाखल लेकीकडून अंगठ्याचं चित्र यायचं. पैसे पाठवले की अंगठा, पुढच्या महिन्यात पैसे, पुन्हा अंगठा. शेठला त्या अंगठ्याचा मनापासून राग यायचा.

एरवी फोन करायला कुणी अडवलं नव्हतं. पण कारणाशिवाय केलेला फोन दोन्हीकडे जड जातो. "काय हो, काही झालं का?" बायको दचकून विचारायची. "नाही, काही नाही." "मग ठेवते हं, कुकर लावलाय." शेठ फोनकडे बघत बसायचा. घरी बोलायला आपल्याला निमित्त लागतं, याची त्याला लाज वाटायची.

त्यांच्या घरी होळी म्हणजे बापाचा मान. संध्याकाळी होळी पेटायची, नारळ पडायचा, पाण्याची धार धरत फेरे व्हायचे, पोरं घसा बसेस्तोवर बोंबा मारून घ्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी होळीची राख कपाळाला लावली की पहिला रंग बापाने लेकीच्या गालाला लावायचा. तोपर्यंत घरात कुणी रंगाच्या पुडीला हात लावायचा नाही, खुद्द आजोबांनीसुद्धा नाही. शेठ निघाला तेव्हा लेक त्याच्या कमरेएवढी होती. त्याच्यामागे बायको 'हा बाबांच्या नावाचा' म्हणत पहिला रंग लावत आली.

यंदा लेकीचं लग्न ठरलं. पुढच्या होळीला ती दुसऱ्यांच्या घरी असणार. शेठने रजा मागून पाहिली. सुपरवायझरबाई वाईट नव्हती, पण हॉटेल पाहुण्यांनी भरलेलं होतं. "पुढच्या वर्षी नक्की बघू," ती म्हणाली. पुढच्या वर्षी बघण्यासारखं काही उरत नव्हतं, पण ते तिला समजावण्याएवढी तिची भाषा शेठला येत नव्हती. तो मुकाट्याने इस्त्रीवर परत आला आणि त्या दिवशी त्याने चादरींच्या घड्या उलट्या घातल्या.

मग त्याने ठरवलं. लग्नाआधी एकदा तरी पोरीने आपल्याशी पोटभर बोलावं, पूर्वी बोलायची तसं. बाकी काही नको.

रंगाच्या दिवशी होणारे व्याही यायचे होते. होणाऱ्या जावयाला रंग खेळायला पांढरे कपडे करायचे होते, त्यासाठी पैसे हवे होते. शेठ ते घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि लेकीच्या नावाने पाठवून आला.

"डोकं फिरलंय का?" खोलीतला आचारी म्हणाला. "फुकटात जातात ते सोडून फी भरून आलास?"

"त्यात नंबर तोंडी सांगता येतो," शेठ म्हणाला.

लेकीला त्याने कळवलं: 'पैसे तुझ्या नावाने पाठवलेत. काउंटरवर जाऊन फोन कर. नंबर लिहून पाठवायला मनाई आहे.' मनाई कुणाचीही नव्हती. साफ थाप होती.

होळीच्या दिवशी शेठ इस्त्रीजवळ उभा असतानाच फोन वाजला. त्याने चादरींची गाडी भिंतीला लावली आणि साबणाच्या पिंपांमागे जाऊन बसला.

"बाबा, रांगेत आहे मी. सांगा नंबर, हातावर लिहून घेते."

"चार. सात. ऊन आहे का गं?"

"आहे ना. पुढे?"

"सात झालं का? मग दोन. टोपी घातलीस का?"

"बाबा, मी काय लहान आहे? दोन. पुढे?"

"आई बरी आहे?"

"बरी आहे. बाबा, आज हे लोक लवकर बंद करणार आहेत, सण आहे ना. पुढचा आकडा सांगा."

पावती शेठच्या मुठीत होती. सगळे आकडे सांगून टाकले की पोर 'ठेवते' म्हणणार, हे त्याला पुरतं माहीत होतं. त्याने एक आकडा दिला आणि नव्या सोयऱ्यांचं विचारलं. आणखी एक दिला आणि तिच्या मैत्रिणीचं विचारलं, जिच्याशी ती शाळेत भांडायची. त्या मैत्रिणीचं लग्न होऊन तिला पोरगंही झालं होतं. लेक मोजकं सांगत होती, तिचा आवाज घाईला आला होता. शेवटचे आकडे शेठने सांगितले, तेव्हा पलीकडे लोखंडी शटर खडखडत खाली आलं. तो आवाज इकडे तळघरातसुद्धा स्वच्छ ऐकू आला.

"झालं," लेक म्हणाली. "बंद केलं त्यांनी. आता सण झाल्यावरच उघडणार."

पोरीच्या सासरच्यांसमोर आपणच शोभा करून घेतली होती. "माझ्यामुळे झालं गं," तो म्हणाला. "आता जावयाच्या कपड्यांचं काय?"

"ते आईने कधीच आणलेत. लोकांचे कपडे शिवून साठवलेल्या पैशातून."

"मग तू एवढ्या उन्हात रांगेत कशाला उभी राहिलीस?"

"तुम्ही फोन कर म्हणालात ना. मला वाटलं, निदान बोलाल."

दोघंही ज्यासाठी धडपडत होते ते आता आयतं समोर आलं होतं. रांग नव्हती, नंबर संपला होता, घाई नव्हती. आणि शेठला काही सुचेना. शाळा कधीच मागे पडली होती, मैत्रीण झाली, ऊन झालं. त्याच्याकडे उरलेले सगळे प्रश्न कमरेएवढ्या पोरीचे होते. शेवटी एक सापडला, तो मात्र हक्काचा होता.

"उद्या आईला सांग, माझ्या नावाने गुलाबीच लावायचा. दोन्ही गालांना. तुला तो आवडतो ना?"

"हो," लेक म्हणाली. परक्या घरी वाढलेलं नको असताना माणूस ज्या स्वरात हो म्हणतो, त्या स्वरात.

आवाज ओळखण्यात शेठ कच्चा नव्हता. इतकी वर्षं त्याच्या वाट्याला आवाजच तर आले होते. "खरं सांग," तो म्हणाला.

"नाही लावत बाबा आता गुलाबी. फुलं उकळून घरीच रंग करतो आम्ही. त्या गुलाबीने एकदा गाल भाजला होता माझा. फोड आले होते. दवाखान्यात जावं लागलं."

"कधी?"

"झाली की दोन-तीन वर्षं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"कसं सांगणार?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "पैसे यायचे, आम्ही अंगठा पाठवायचो. आई म्हणायची, उगाच फोन केला तर ते घाबरतील."

त्याच्याच नावाचा रंग होता तो. इस्त्रीजवळून सुपरवायझरबाईची हाक आली. चादरी तुंबल्या होत्या. शेठ जागचा हलला नाही. त्याला चांगलं काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते अगदीच साधं निघालं, आणि तेही दोन-तीन वर्षं उशिरा.

"फार दुखलं होतं का गं?"

पलीकडे इतका वेळ मोठ्या बाईसारखी बोलणारी ती पोर त्या बंद दुकानासमोर, गाल आत्ता भाजल्यासारखी रडायला लागली.

शेठने फोन कानाला घट्ट दाबून धरला आणि तिला रडू दिलं.