कोरडं वल्हं

माझ्या छातीत स्टेंट बसवून चार महिने झाले होते. डॉक्टरांनी समुद्रावर मासे धरायला जायची परवानगी दिली, पण बायको, अख्तरबानू, ऐकेना. मग श्याम आमच्या बुधवार पेठेतल्या घरी येऊन बसला. वीस वर्षांपासूनचा दोस्त. म्हणाला, "भाभी, वल्हं मी मारीन. हा नुसता पुढं बसून गळ धरील. नवाबासारखा नेतो त्याला."

तिनं विश्वास ठेवला. मीही ठेवला, गाढव मी.

दोघांच्या कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीत, हलका माणूस पुढं बसतो. मागचं त्याला काही दिसत नाही. कोकणात, दोन डोंगरांमधल्या खाडीत सकाळी पाणी शांत होतं. परत फिरलो आणि किनाऱ्याकडून वारा सुटला, थेट तोंडावर. कयाक मागं ढकलली जायला लागली.

"थोडा हात लाव रे, एकट्यानं होत नाही," श्याम म्हणाला.

मी वल्हं उचललं. मारतोय, मारतोय, किनारा काही जवळ येईना.

"तूही मारतोयस ना?"

"मग काय, पंखा हलवतोय?"

डावा खांदा दुखायला लागला, मग छाती आवळली. तेव्हा कुठं मी मान वळवली. त्याचं वल्हं मांडीवर आडवं, पातं कोरडं ठणठणीत. दोन्ही हातांत गळाचा रॉड. मासा लागला होता.

"दोरा काप, श्याम. छातीत दुखतंय माझ्या."

"जिताडा आहे रे. दोन मिनिटं. तू हळू मार."

हळू मार म्हणे.

मी वल्हं आत घेतलं आणि बसून राहिलो. कयाक आडवी झाली, लाट आत आली. बाजूला खडक दिसायला लागले.

"मेहबूब, मार ना, आपटू आपण."

मी वल्ह्याला हात लावला नाही. त्यानं खटकन दोरा कापला आणि असं वल्हं मारलं की एकट्यानं किनारा गाठला. म्हणजे जमत होतं त्याला. माझ्या छातीसाठी दोरा कापला नाही, स्वतः बुडेल म्हणून कापला.

गावातल्या डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढली, ठीक निघाली. मग आम्ही थेट पुण्याला घरी आलो.

अख्तरबानूनं दार उघडलं. "वल्हं कुणी मारलं, श्यामभाऊ?"

"मीच की, भाभी. शब्द म्हणजे शब्द."

तो चपला काढायला लागला.

"राहू दे पायात," मी म्हणालो. "बानू, याचा चहा टाकू नकोस. माझ्या छातीत दुखत होतं आणि हा मासा ओढत बसला होता."

"अहो भाभी, दोनच मिनिटं..."

तिनं माझा हात धरून मला आत घेतलं, मग दार लावलं.