शेवटचे दोनशे फूट

पायाखालचा बर्फ खचला आणि डेल्बर्ट ऑस्टरहाउट मांडीपर्यंत आत गेला. तिसऱ्यांदा. बर्फात रुतू नये म्हणून बुटांखाली बांधलेल्या रुंद स्नोशूसकट पाय उपसून काढताना त्याला धाप आवरेना. स्प्रूसच्या दाट झाडीतून सकाळपासून त्याने एकट्याने वाट पाडली होती. माथा आता जेमतेम दोनशे फूट वर होता, आणि पाय काही पुढे पडायला तयार नव्हते.

कॅट्सकिल डोंगरांच्या यादीतली सगळी शिखरं भर हिवाळ्यात चढायची, हे इथल्या काही लोकांचं जुनं खूळ. लोकांच्या विहिरींचे पंप दुरुस्त करता करता डेल्बर्टने एक सोडून सगळी केली होती. ते एक हे. अडुसष्टाव्या वर्षी पुढचा हिवाळा गृहीत धरावा, इतका तो भोळा नव्हता.

खालून बोलणं ऐकू आलं. त्याच्याच पावलांवर पावलं टाकत पाच तरुण पोरंपोरी वर आली. पुढची मुलगी, कोरीन, हसली. "आजोबा, ही वाट तुम्ही पाडलीत? आयतं वर आणलंत की आम्हाला."

"आता आयतं संपलं. इथून पुढे वाट नाही."

"मग आम्ही पाडतो. तुम्ही या सावकाश मागून."

ती पुढे झाली. पुढचा दमला की बाजूला होई, रांग जाऊ देई आणि शेवटी येऊन मिळे. त्यांच्यामागे बर्फ दबून पक्का होत गेला. डेल्बर्ट मात्र तिथेच उभा राहिला.

बारा वर्षांपूर्वी पलीकडच्या डोंगरावर गुडघा दुखतो म्हणून त्याचा चढाईतला जुना जोडीदार फ्लॉइड त्याच्या मागून चालला होता. माथ्यावर डेल्बर्ट त्याला म्हणाला, "तयार वाटेवरून आलास गड्या. हे शिखर तुझं धरायचं नाही." फ्लॉइडने घरी जाऊन यादीतलं ते शिखर खोडलं आणि तो पुन्हा कधी बरोबर आला नाही. गेल्या ऑक्टोबरात तो वारला. बारा वर्षं डेल्बर्ट एकटा चालत होता, आणि खरं सांगायचं तर ते त्याने आपल्या तोंडाने ओढवून घेतलं होतं.

"येताय ना?" वरून हाक आली.

तो त्यांच्या वाटेवर चढला. पाय रुततच नव्हते.

माथ्यावर झाडाला डबा बांधलेला होता, डब्यात चढून आलेल्यांनी नाव लिहायची वही. पोरांनी नावं लिहिली. कोरीनने त्याच्या हातात फोन दिला. "आमचा एक फोटो काढाल?" पाचही जण नीट मावतील असा त्याने काढला. आज आपली यादी पुरी झाली हे तो बोलला नाही, कुणी विचारलंही नाही. पोरं घसरत, एकमेकांना ढकलत उतरून गेली. आवाज झाडीत विरले तेव्हा त्याला फार एकटं वाटलं.

हातमोजा काढून त्याने नाव आणि तारीख लिहिली. शेरा लिहायची त्याला सवय नव्हती. आज लिहिला : 'शेवटचे दोनशे फूट दुसऱ्यांच्या वाटेवरून आलो. तरी धरतो आहे.'

बोटं बधिर होत चालली होती. तरी पेन्सिल त्याने खाली ठेवली नाही. पुढच्या ओळीवर सावकाश, एकेक अक्षर वळवून लिहिलं : 'फ्लॉइड हार्टचंही धरावं.'