चिमूटभर जादू

ऐका, मी पावाचा साचा बोलतोय. लांबट, पत्र्याचा, एका कोपऱ्यात चेपलेला. रूपावर जाऊ नका. माझ्या पोटातून निघालेले पाव खाऊन दोन पिढ्या मोठ्या झाल्यात.

एका पत्रेवाल्यानं मला कापून, वाकवून, ठोकून घडवलं. थोरल्या मालकांनी नवी बेकरी काढली तेव्हा मला आणलं. भट्टीत जाताना सुरुवातीला जीव घाबरायचा. पण पाव फुगून वर आला की मालक माझ्या पाठीवर एक हलकी थाप मारायचे. त्या थापेसाठी मी कितीही चटके सोसले असते.

थोरले मालक गेले. मुलानं बेकरी हाती घेतली, चकचकीत नवे साचे आणले आणि मला फळीवर बसवलं. कारागिरानं माझ्यात खिळे भरले. अख्खा जन्म पावाच्या वासात गेला आणि म्हातारपणी पोटात खिळे! असो. फळीवरून सगळं दिसायचं, तेवढं सुख होतं.

एके सकाळी मालकाची आई गल्ल्यावर बसून पाव खात होती. बघता बघता तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. सुनेनं तिला तडक दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. परत आली ती चिडूनच.

"डॉक्टर म्हणतात, सोय बंद. या वयात माझी सोय बंद?"

"सोय नाही हो आई, सोया," सून म्हणाली. "सोयाबीन. ते तुम्हाला सोसत नाही. पुन्हा पोटात गेलं तर घसासुद्धा बंद होईल म्हणाले."

"बरं बाई. आपली मेली ना सोय, ना सोयरीक!"

घरातून सोयाचं तेल गेलं, पीठ गेलं, काळ्या सॉसची बाटली गेली. सून प्रत्येक पुडा उलटून वाचू लागली. तरी आठ-पंधरा दिवसांनी आईचे ओठ पुन्हा सुजले. त्या सकाळी तिनं फक्त पाव खाल्ला होता.

"माझ्या पावात काय विष आहे?" मुलगा तडकला. "मैदा, पाणी, मीठ, खमीर. संपलं!"

त्या दिवसापासून आईनं पावाला हात लावला नाही. बेकरीवाल्याची आई, आणि दुपारी नुसता भात कालवून खायची. मुलगा पाठमोरा उभा राहून पीठ मळायचा. त्याचे खांदे मला दिसायचे. आईनं आपल्या हातचं खाऊ नये, याहून मोठा मार कुठला?

शेवटी सून भट्टीघरात येऊन उभी राहिली.

"अहो, माझ्यासमोर मळा. काय काय घालता ते बघू दे."

मैदा पडला, पाणी पडलं, मीठ, खमीर. मग त्याचा हात सवयीनं लाल डब्यात गेला.

"हे काय?"

"ही? ही जादू."

एका विक्रेत्यानं कधीतरी ती भुकटी आणली होती. "चिमूटभर टाका आणि जादू बघा. पीठ झटपट तयार, पाव चार दिवस मऊ." तेव्हापासून सगळे तिला जादूच म्हणायचे. ते नावच असं की ती जिन्नसांत मोजावी असं कुणाला वाटलंच नाही.

"जादूत काय असतं?" सुनेनं विचारलं.

मुलानं कोपऱ्यातली त्या भुकटीची पिशवी उलटून पाहिली. बारीक अक्षरात पहिलंच नाव होतं, सोयाचं पीठ. तो मटकन पिंपावर बसला.

बाकीचे साचे इतकी वर्षं सोयाच्या तेलानं माखलेले, म्हणून माझी आठवण झाली. खिळे बाहेर पडले. सुनेनं मला गरम पाण्यानं इतकं घासलं की गुदगुल्या झाल्या. आत लोणी लावलं.

जादूशिवायचा पहिला पाव दगड झाला. कारागीर म्हणाला, "मालक, हा पाव नाही, पाया आहे. घर बांधा यावर."

दुसरा मधोमध बसला. आई स्टुलावरून म्हणाली, "तुझे बाबा पीठ मळायचे आणि निवांत दाढीला बसायचे. तू पिठाच्या डोक्यावर उभा असतोस. फुगायची त्यालाही लाज वाटत असेल."

तिसऱ्या वेळी मुलगा खरंच दाढी करायला गेला. मीही वाट पाहिली. पीठ माझ्या आत हळूहळू श्वास घेत वर आलं, काठापर्यंत आलं, काठाच्या वर गेलं! भट्टीतून निघालो तेव्हा सोनेरी पाव माझ्या डोक्यावर फेट्यासारखा उभा होता.

सुनेनं डॉक्टरांना आधीच विचारलं होतं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे आईनं लहानसा तुकडा खाल्ला. सगळे तिच्या ओठांकडे टक लावून बसले. वेळ गेला. ओठ सुजले नाहीत, हसले.

"तोंडाकडे काय बघताय? कडेचा तुकडा द्या!" ती म्हणाली. मुलगा कापायला गेला, पण त्याला सुरी धड दिसेना. डोळे पुसून त्यानं माझ्या पाठीवर हलकी थाप मारली.

आता लाल डबा गेला आणि माझ्या जोडीला नवे साचे आलेत. पाव चार दिवस टिकत नाही, कारण तो दुपारपर्यंतच संपतो. परवा एक बसड्रायव्हर बिचकत म्हणाला, "मला सोया चालत नाही. लोक म्हणतात, नखरे आहेत."

आईनं त्याला आत बोलावलं, भट्टीघर दाखवलं, एकेक जिन्नस दाखवला. तो दोन पाव घेऊन गेला. काल पुन्हा आला आणि चार घेऊन गेला.

माझं एवढंच मागणं आहे. कुणी "मला हे सोसत नाही" म्हणालं, तर हसू नका, "थोड्यानं काय होतंय" म्हणू नका. आपण काय वाढतोय ते नीट बघा आणि मग पोटभर वाढा.

बरंय, येतो. पीठ काठावर आलंय आणि बाहेर आईचा आवाज चढलाय, "अरे, रांग दारापर्यंत गेली, काढ की पुढचा घाणा!"