डाळिंबी शेला

फाल्गुनातली कोवळी, ओलसर सकाळ. दक्षिण चीनमधल्या ग्वांगझू नगरीवर धुक्याचा तलम पदर, आणि त्या पदराआडून सावरीची झाडं पेटलेली. पान नाही, पालवी नाही. उघड्या करड्या फांद्यांवर नुसती फुलं, जाड पाकळ्यांची, रक्तवर्णी, दिवसाढवळ्या लावलेल्या पलित्यांसारखी. एखादं फूल धप्पकन फुटपाथवर पडे, आणि कापडबाजाराकडे निघालेली माणसं त्याला हळूच वळसा घालून जात.

यशवंतराव हेंद्रे त्यावर पाय देऊन पुढे गेले. करड्या फरशीवर पडलेलं मातकट काहीतरी, एवढंच त्यांना दिसलं.

लाल आणि हिरवा हे दोन रंग त्यांच्या डोळ्यांना जन्मापासून वेगळे नव्हते. निळं आकाश त्यांचं होतं, पिवळी हळद त्यांची होती. पण कुंकू आणि कडुनिंब, पिकली मिरची आणि कोवळी मिरची, सारं एकाच धूसर छटेत बुडालेलं. आणि दैवाची थट्टा अशी, की सांगलीच्या कापडपेठेत त्यांचं वडिलोपार्जित दुकान होतं ते ब्लाउजपीस आणि अस्तरांच्या मॅचिंगचं. रंगांवरच जगणारं.

हे गुपित एकटी इंदुमती जाणत होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी हिरवा म्हणून मोठ्या हौसेनं लाल चुडा आणला, तेव्हा ती हसली नाही, कुणाला बोललीही नाही. दुसऱ्या दिवसापासून ती गल्ल्याशेजारी येऊन बसू लागली. गिऱ्हाइकानं साडीचा पदर पुढे केला की मोठ्यानं म्हणे, "हा शेंदरी कुठला हो ताई, हा तर डाळिंबी!" आणि यशवंतराव त्या शब्दाचं बोट धरून नेमक्या खणातला गठ्ठा खाली उतरवीत. परदेशातल्या खरेदीलाही ती बरोबर असे. थानांच्या उंच भिंतींमधून चालताना तिची बोटं त्यांच्या मनगटावर असत. हलकेच दाब आला की हो. बोटं सैल झाली की नको. बघणाऱ्याला वाटे, काय जीव आहे एकमेकांवर! तेही खोटं नव्हतं.

भाद्रपदात साध्या तापाचं निमित्त झालं, आणि ती गेली.

आता वैशाखात केतकीचं लग्न. लेकीनं एकच मागणं मागितलं होतं. "बाबा, शेला डाळिंबीच हवा. आई म्हणाली होती, तिकडच्या रेशमाचा घेऊ." लेकीला बापाच्या डोळ्यांचं ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक होऊ नये, म्हणून तर इंदुमतीनं सारा जन्म रंगांची नावं मोठ्यानं उच्चारली होती.

बरोबर आलेले व्यापारी दुभाष्याला घेऊन पडद्यांच्या कापडाकडे वळले, आणि यशवंतराव एकटे रेशमाच्या गल्लीत शिरले.

बाजार कसला, वर्णांचा महापूर तो! मजल्यावर मजले, गल्लीत गल्ली, आणि प्रत्येक उंबऱ्यावर रेशमाचे प्रपात. जास्वंदी आणि जांभळा, पोपटी आणि पोवळ्याचा, शेवाळी, केशरी, गुलबक्षी. थानं खांद्यावर घेऊन धावणारे हमाल, विजेच्या गाड्यांचे कर्कश भोंगे, कात्रीची करकर, उकळत्या चहाची वाफ. त्या साऱ्या झळाळत्या, सळसळत्या, रत्नखचित कोलाहलातून एक माणूस चालला होता, आणि त्याच्यापुरता तो महापूर गढूळ होता.

एका दुकानी त्यांनी फोनवरच्या भाषांतरातून 'डाळिंब' म्हटलं. विक्रेती पोरगी खुदकन हसली आणि फळांची चित्रं छापलेलं सुती कापड घेऊन आली. दुसऱ्या दुकानी 'लाल' म्हटलं, तर पुढ्यात थानांचा डोंगर कोसळला. लाखी, किरमिजी, माणकासारखा, विटेसारखा; यशवंतरावांना सगळी थानं सख्ख्या बहिणींसारखी. त्यांचा हात वर उचलला गेला आणि तसाच थांबला. मनगट मोकळं होतं. "नंतर येतो," ते मराठीतच पुटपुटले आणि बाहेर पडले.

गल्लीच्या शेवटी सुन नावाच्या म्हाताऱ्या बाईचं दुकान होतं. सुन हे तिचं आडनाव. इंदुमतीला त्याची केवढी गंमत! स्वतःपेक्षा वयानं मोठ्या त्या बाईला ती खुशाल 'सूनबाई' म्हणे, आणि अर्थ न कळता बाईही हसे.

यशवंतरावांना पाहताच सुनबाईचा सुरकुतला चेहरा उजळला. मग तिची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली, गल्लीत काहीतरी शोधत राहिली.

"लाओबान्यांग?" तिनं विचारलं. मालकीणबाई कुठं?

या भाषेतले मोजके शब्द त्यांना येत. "बू त्साय," ते म्हणाले. नाही इथे.

तिनं समजुतीनं मान हलवली. मागून येत असतील. तिनं दोन पेले मांडले, दोन्हींत चहा ओतला. एक त्यांच्यापुढे, एक शेजारच्या रिकाम्या स्टुलापुढे. त्या दुसऱ्या पेल्यातून वाफेची बारीक, डुलणारी रेघ वर चढू लागली. यशवंतराव तिच्याकडे पाहत राहिले. त्यांनी नुसती मान हलवली, पुन्हा हलवली.

सुनबाईचा हात किटलीवरच थबकला. "बू त्साय... ल?" ती हळू आवाजात म्हणाली. शेवटी एकच इवलं अक्षर वाढलं होतं, आणि त्या अक्षराचा अर्थ त्यांना कुणी सांगावा लागला नाही. मराठीतही असंच की! 'घरी नाही' आणि 'आता नाही'. दोन्हीकडे तोच एक 'नाही', आणि मध्ये अख्खं स्मशान.

तिनं तो पेला उचलला नाही. तसाच राहू दिला.

मग तिनं दोन थानं फळीवर उलगडली. एक डाळिंबाच्या फुटलेल्या दाण्यासारखं, आतून ओलं आणि तेजाळ. दुसरं गर्द शेवाळी, पावसाळ्यातल्या विहिरीच्या काठासारखं. यशवंतरावांनी दोन्हींवरून हात फिरवला. दोन्ही थंड, दोन्ही मऊ, दोन्ही पाण्यासारखी निसटती. "लेकीचं लग्न आहे," ते म्हणाले. खांद्यावर शेला घेतल्याची, डोक्यावर अक्षता पडल्याची खूण केली. आणि त्यांनी एका थानावर बोट ठेवलं.

शेवाळी.

सुनबाईनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग, अगदी सावकाश, तिनं आपल्याच डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवली आणि हलकेच दाबली.

तिला ठाऊक होतं! वर्षानुवर्षं, या फळीपलीकडे बसून तिनं ते पाहिलं होतं, ओळखलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

यशवंतराव आपल्या स्टुलावर बसले. आणि ते बोलू लागले, मराठीतच. चुड्याबद्दल बोलले, भाद्रपदातल्या पावसाबद्दल बोलले. "माझे डोळे नेले हो तिनं," ते म्हणाले, "आणि मी दुकान उघडून बसतो." सुनबाई ऐकत होती. मधूनच तीही तिच्या भाषेत काही म्हणे, मऊ, दुखरं. तिचंही कुणी असेल गेलेलं. त्यांचं गुपित जाणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं, आणि त्या दोघांत सामाईक असे चार शब्दही नव्हते.

शेवटी तिनं शेवाळी थान मिटलं. डाळिंबी थानावर दोनदा थोपटलं, रिकाम्या स्टुलाकडे बोट दाखवलं: त्यांची आवड हीच. मग कात्री चालली, एका लांब श्वासासारखी.

संध्याकाळी नदीवरच्या पुलावर असताना केतकीचा फोन आला.

"बाबा, मिळाला? कसा आहे रंग?"

"गार आहे," ते म्हणाले. "हातात धरला की पाण्यासारखा वाटतो."

"अहो बाबा, रंग विचारतेय मी!"

आता डोळ्यांचं सांगून टाकावं. शब्द ओठांपर्यंत आले. कठड्याखाली पाणी वाहत होतं.

"तुझ्या आईनं निवडला असता," ते म्हणाले, "तोच आहे."

पलीकडून लेकीनं नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्यांनीच हळूच फोन ठेवला.

सूर्य मावळला होता, दिवे लागायचे होते. त्या दोन क्षणांच्या फटीत नगरीचे रंग एकेक करून विझत गेले: छत्र्यांचे, होड्यांचे, पाट्यांचे, पोरींच्या पोशाखांचे. पुलावर रोषणाई पाहायला जमलेली हजारो माणसं त्याच करड्या, मातकट जगात उभी होती, ज्यात यशवंतराव जन्मभर उभे होते. सगळी त्यांच्यासारखी. सगळी त्यांच्याबरोबर.

मग दोन्ही तीरांवर दिवे उजळले. लोकांनी हर्षानं हात उंचावले, आणि ती सारी माणसं आपापल्या रंगांत परतली, एकेक करून, एकेक करून. आणि पुलावर, काळ्याशार पाण्याच्या वर, एक माणूस तिथेच मागे राहिला.